जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्यांचे दात



आपल्या पत्रिकेच्या या पानावर आम्ही थोर व्यक्तींची चरित्रे देत असतो. चरित्र म्हटले की लढाया, भाषणे आणि पदव्या यांचीच यादी समोर येते. या वेळी मात्र आम्ही एका मोठ्या माणसाचे चरित्र त्याच्या दातांच्या अंगाने सांगणार आहोत. वाचून कोणी हसेल, हसावे. पण शेवटपर्यंत वाचावे, कारण की हा विषय आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे. स्नेहसंमेलनाला येणारे कितीतरी आजी-आजोबा ताटातली चकली हळूच बाजूला ठेवतात. फोटोच्या वेळी तोंडावर हात धरणारी मुलेही आम्ही रोज पाहतो. यांच्यासाठीच हे चरित्र निवडले आहे.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली आज अमेरिकेत आहेत, त्यामुळे एक डॉलरची नोट पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यावर जे गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ आहेत ते अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. नोटेवरचे चित्र गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ साली काढलेल्या तैलचित्रावरून घेतले आहे. नीट पाहिले तर ओठ घट्ट मिटलेले आणि तोंडाभोवतीचा भाग थोडा फुगलेला दिसतो. हा चित्रकाराचा दोष नव्हे. त्या वेळी वॉशिंग्टन यांच्या तोंडात स्वतःचे दात जवळजवळ उरलेलेच नव्हते.

बालपण आणि तारुण्य

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. ते ११ वर्षांचे असताना वडील वारले. इंग्लंडला जाऊन शिकण्याची संधी मिळाली नाही, तरी गणितात गती होती. त्या बळावर सतराव्या वर्षी त्यांना सरकारी जमीन-मोजणीदाराचे काम मिळाले. रानावनात तंबू ठोकून राहणे, घोड्यावरून मैलोगणती फिरणे, यातून शरीर काटक झाले. पुढे व्हर्जिनियाच्या सैन्यात ते अधिकारी झाले. उंची सहा फुटांच्या वर, घोड्यावरची मांड उत्तम. पाहणाऱ्यावर छाप पडावी असे त्यांचे व्यक्तिमत्त्व होते.

परंतु दातांनी त्यांना तारुण्यातच दगा दिला. १७५६ साली, म्हणजे वयाच्या २४ व्या वर्षी, दात काढण्यासाठी एका डॉक्टरला ५ शिलिंग दिल्याची नोंद त्यांच्या हिशेबाच्या वहीत आहे. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी दुखणे, सुजलेल्या हिरड्या आणि काढलेले दात यांचा उल्लेख त्यांच्या रोजनिशीत व पत्रांत सापडतो. ते दातांची काळजी घेत नव्हते असे मात्र नाही. ब्रश, दंतमंजन, दात खरवडण्याची हत्यारे हे सर्व ते मागवीत असत. पण हिरड्यांचा आजार मुळापासून बरा कसा करावा हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हते. तरुणपणी त्यांना देवी आल्या, हिवताप तर वारंवार येई. अशा आजारांवर त्या काळी पारायुक्त औषधे दिली जात आणि पाऱ्याने हिरड्या खराब होतात. त्यांचे दात पडण्यामागे हेही एक कारण असावे असे अनेक अभ्यासक मानतात.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. त्या काळी दात काढताना भूल देण्याची सोयच नव्हती. इथर देऊन वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टन येथे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी झाले आणि ते करणारे विल्यम मॉर्टन हे स्वतः दंतवैद्यच होते. वॉशिंग्टन यांच्या मृत्यूला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे होत आली होती. म्हणजे त्यांचा प्रत्येक दात शुद्धीत असताना, पकडीने ओढून काढलेला.

युद्ध चालू आणि दातही चालू

१७७५ साली इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि वॉशिंग्टन सरसेनापती झाले. आठ वर्षे युद्ध चालले. तोफा, रसद, पगार न मिळालेले सैनिक, यांतून डोके वर काढायला वेळ नव्हता, पण दातांचे दुखणे तेथेही सोबत होते.

मे १७८१ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या आपल्या दंतवैद्याला पत्र लिहून दात साफ करण्याची हत्यारे छावणीवर पाठवण्यास सांगितले. इतक्यात आपले तिकडे येणे होणार नाही, असेही त्यात कळवले. हे पत्र वाटेत इंग्रजांच्या हाती पडले. अमेरिकन सेना न्यूयॉर्कजवळच राहणार, अशी इंग्रज सेनापतीची समजूत होतीच, ती अशा पत्रांनी आणखी पक्की झाली असे काही इतिहासकार म्हणतात. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन आणि त्यांचे फ्रेंच मित्र दक्षिणेकडे निघाले. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे इंग्रज सैन्याने शस्त्रे खाली ठेवली.

दुसरे एक पत्र १७८२ च्या नाताळातले आहे. माउंट व्हर्नन या आपल्या घरी शेतीवाडी सांभाळणाऱ्या नातेवाइकाला त्यांनी लिहिले की अभ्यासिकेतल्या मेजाच्या खणात दोन लहान पुढचे दात आहेत, ते नीट गुंडाळून पुढच्या पत्रासोबत पाठवावेत. म्हणजे पडलेले दातही हा माणूस सांभाळून ठेवत होता, कारण की तारेने शेजारच्या दाताला बांधून त्यांचा पुन्हा उपयोग करता येत असे.

दुसऱ्याचे दात

आता या चरित्रातील कडू भाग. तो वगळून पुढे जाणे आम्हाला योग्य वाटत नाही.

वॉशिंग्टन यांच्या शेतमळ्यांवर गुलाम राबत होते. वडील वारले तेव्हा वारशात ११ वर्षांच्या या मुलाच्या नावावर दहा माणसे आली, जशी गुरेढोरे यावीत तशी. पुढे ही संख्या शेकड्यांत गेली. मे १७८४ च्या त्यांच्या हिशेबात, एका फ्रेंच दंतवैद्याच्या कामासाठी गुलामांकडून ९ दात घेतले आणि त्याबद्दल ६ पौंड २ शिलिंग दिले, अशी नोंद आहे. हा दंतवैद्य वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांचे पुढचे दात विकत घेत असे. त्या जाहिरातीतील दरापेक्षा ही रक्कम बरीच कमी होती. एकाच्या तोंडातला निरोगी दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत बसवण्याची पद्धत त्या काळी युरोपातील श्रीमंतांत चालत असे. असे दात बहुधा टिकत नसत आणि त्यातून रोग मात्र पसरत.

ते ९ दात कोणाच्या तोंडात बसवले हे वहीत लिहिलेले नाही. ते कोणाच्या तोंडातून काढले त्यांची नावेही लिहिलेली नाहीत. पैसे दिले म्हणून हा साधा व्यवहार झाला, असे आम्ही मानत नाही. ज्याला नाही म्हणण्याचा अधिकारच नाही त्याची संमती कशी धरायची? आपल्याकडे आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी म्हण आहे. येथे ओठ एकाचे आणि दात दुसऱ्याचे होते. मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना त्याची सेवाही वाचावी आणि त्याच्या हिशेबाची वहीही वाचावी, असे आम्ही वरच्या वर्गातील मुलांना आवर्जून सांगतो.

राष्ट्राध्यक्षांची कवळी

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. वय ५७ आणि तोंडात स्वतःचा दात एकच, खालच्या जबड्यातला. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही आपली म्हण त्यांना अगदी लागू पडत होती.

त्याच सुमारास जॉन ग्रीनवुड हे दंतवैद्य त्यांना भेटले. हे ग्रीनवुड लहानपणी, पंधराव्या वर्षी, स्वातंत्र्ययुद्धात बासरी वाजवणारे पोरगे म्हणून भरती झाले होते. आईच्या चरख्यापासून पायाने चालणारे दात कोरण्याचे यंत्र त्यांनीच बनवले असे मानले जाते. त्यांनी वॉशिंग्टन यांच्यासाठी पाणघोड्याच्या सुळ्यातून कवळी कोरली. तीत माणसांचे खरे दात बसवले, सोन्याची तार आणि पितळी स्क्रू वापरले. तोंडातल्या त्या एकुलत्या एक दातासाठी कवळीला भोक ठेवले होते. १७९६ साली तोही दात काढावा लागला. ग्रीनवुड यांनी तो एका लहानशा डबीत जपून ठेवला.

वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती, ही गोष्ट खरी नाही. त्यांच्या ज्या कवळ्या आज जपून ठेवल्या आहेत त्यांपैकी एकीतही लाकूड नाही. जुन्या हस्तिदंताला बारीक भेगा पडतात, त्यात डाग शिरतात आणि ते लाकडासारखे दिसू लागते. त्यावरून ही समजूत पसरली असावी. चेरीचे झाड तोडून वडिलांसमोर खरे बोललेल्या लहानग्या जॉर्जची गोष्टही अशीच आहे. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८०६ साली एका चरित्रकाराने आपल्या पुस्तकात घातली, तिला आधार नाही. खरे बोलण्याचा धडा देणारी गोष्टच खरी नाही, ही गंमत आम्ही मुलांना नेहमी सांगतो.

माउंट व्हर्नन येथील संग्रहात त्यांची एक संपूर्ण कवळी आहे. तिचा पाया शिशाचा आहे आणि तीत माणसाचे व जनावराचे दात बसवले आहेत. वजन १०० ग्रॅमच्या वर. खालची आणि वरची बाजू मागे पोलादी स्प्रिंगने जोडलेली. स्प्रिंग दोन्ही बाजू सतत उघडत राही, म्हणून तोंड मिटून ठेवायला जबडा दाबून धरावा लागे. अशा कवळीने मोठ्याने बोलणेही अवघड. नाश्त्याला मक्याच्या पिठाची मऊ धिरडी लोणी आणि मध घालून खात असत, असे त्यांच्या घरच्यांनी लिहून ठेवले आहे.

१७९७-९८ मधली त्यांची ग्रीनवुड यांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. कवळी नीट बसत नाही, त्यामुळे ओठ पुढे येतात, ही त्यांची मुख्य तक्रार. दुरुस्तीसाठी कवळी टपालाने जाई आणि येई. ग्रीनवुड यांनी उत्तरात कळवले की वाइनमुळे ती काळी पडते, म्हणून तिच्यापासून जपावी आणि खडूच्या भुकटीने घासावी. दोन वेळा राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस आपल्या दंतवैद्याशी ओठांच्या ठेवणीबद्दल पत्रव्यवहार करतो आहे, हे वाचून आम्हाला तरी हसू आले नाही. चारचौघांत तोंड उघडण्याचा संकोच पदाने किंवा मानमरातबाने जात नाही, एवढे त्यावरून समजले.

तरीही काम थांबले नाही. त्यांनी दोन मुदती पूर्ण केल्या. तिसऱ्यांदा सत्ता हातात ठेवणे शक्य असताना ती आपण होऊन सोडली आणि लोकशाहीत खुर्चीवरून उतरण्याचा पायंडा पाडला. त्यांचे प्रसिद्ध निरोपाचे भाषण तर त्यांनी कधी उभे राहून केलेच नाही. ते सप्टेंबर १७९६ मध्ये वर्तमानपत्रात छापून आले.

१४ डिसेंबर १७९९ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, घशाच्या गंभीर सुजेने दोन दिवसांच्या आजारात त्यांचे निधन झाले. तेव्हाच्या उपचारपद्धतीनुसार डॉक्टरांनी एका दिवसात त्यांचे दोन लिटरहून अधिक रक्त काढले होते. पत्नीच्या पश्चात आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. असे १२३ जण होते. मार्था वॉशिंग्टन यांनी आपल्या हयातीतच, १ जानेवारी १८०१ रोजी, त्यांना मुक्त केले. त्या नऊ दातांची भरपाई त्याने होत नाही, पण चरित्रात हीही नोंद पाहिजे.

आज तेच दुखणे असते तर

वॉशिंग्टन यांना जे कोणीही देऊ शकले नाही ते आज आपल्या गावातील साधा दवाखाना देऊ शकतो. म्हणून पालकांसाठी आणि विशेष करून घरातील ज्येष्ठांसाठी थोडी माहिती.

पडलेल्या दाताच्या जागी आज मुख्यतः तीन उपाय आहेत. पहिला, काढता-घालता येणारी कवळी. ती आता हलक्या अ‍ॅक्रिलिकची असते, स्प्रिंग नसते आणि जबड्याच्या मापावरून बनते. रात्री काढून, ब्रशने साफ करून पाण्यात ठेवावी. दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजते, म्हणून जुनी कवळी काही वर्षांनी सैल होते. ती तशीच रेटू नये, डॉक्टरांकडून नीट करून घ्यावी. दुसरा उपाय ब्रिज. यात शेजारच्या दातांना थोडे घासून त्यांच्या आधाराने मधला दात पक्का बसवतात. तिसरा इम्प्लांट. टायटॅनियम हा धातू जिवंत हाडाशी एकजीव होतो हे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात ओळखले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. हाडात बारीक स्क्रू बसवतात आणि तो पक्का धरण्यासाठी साधारण ३ ते ६ महिने थांबून वर दात लावतात. खर्च जास्त असतो आणि प्रत्येकाचे हाड त्यासाठी पुरेसे नसते. कोणाला काय योग्य, हे तपासणी व एक्स-रे पाहून डॉक्टरच सांगतील.

दात किंवा अक्कलदाढ काढायची असेल तर भीती बाळगू नये. जाण्यापूर्वी मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, हाडे ठिसूळ होण्यावरचे औषध, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. इंजेक्शनने जागा बधिर करतात. दाब जाणवतो, खेचल्यासारखे वाटते, पण तीव्र वेदना होत नाहीत. झाल्या तर हात वर करून सांगावे.

दात काढल्यानंतर कापसाचा किंवा गॉजचा बोळा अर्धा ते पाऊण तास दाबून धरावा. पहिले २४ तास जोराने चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने पिऊ नये, कारण की त्या जागी धरलेली रक्ताची गाठ हेच जखमेचे झाकण असते. थंड-मऊ खावे, दहीभात उत्तम. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात. सूज दोन-तीन दिवस राहते, मग उतरते. तंबाखू, विडी-सिगारेट, गुटखा पूर्ण बंद ठेवावा. पुन्हा सुरू केला नाही तर सर्वांत उत्तम. रक्त थांबत नसेल, ताप आला, सूज वाढत गेली किंवा तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तर घरगुती इलाज करत न बसता दवाखाना गाठावा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर एक क्षणही थांबू नये.

विद्यार्थ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. खेळताना पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो शोधा. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरा. माती लागली असेल तर पाण्याने किंवा दुधाने क्षणभर धुवा, घासू नका. शक्य असेल तर लगेच त्याच खाचेत बसवून हलकेच रुमाल चावून धरा, नाही तर थंड दुधात ठेवा आणि तडक दातांच्या डॉक्टरांकडे जा. अर्धा-एक तासाच्या आत पोहोचलात तर तो दात पुन्हा धरण्याची चांगली शक्यता असते. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

शेवटी सर्वांना विनंती. रोज दोन वेळा, विशेष करून रात्री झोपताना, फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन मिनिटे ब्रश करावे. सहा महिन्यांतून एकदा तपासणी करावी. कोणा वर्गमित्राचे दात वाकडे असतील, पुढचा दात पडला असेल, तर त्यावरून चिडवू नये. मुलांनी आज घरी जाऊन आजी-आजोबांना एवढे अवश्य विचारावे की चावताना काही दुखते का, कवळी टोचते का. बहुतेक ज्येष्ठ मंडळी आपण होऊन सांगत नाहीत. त्यांनी हो म्हटले तर येत्या रविवारची वाट न पाहता आई-बाबांना सांगावे आणि त्यांच्यासोबत दवाखान्यात स्वतः जावे.